पीओपी की माती? यवतमाळच्या दुर्गोत्सवासाठी खरा प्रश्न साच्याचा आहे

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला झाला आणि यवतमाळचा दुर्गोत्सव संपला. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर यवतमाळचा, असं विदर्भात आवर्जून सांगितलं जातं. उंच मूर्ती, पायाशी महिषासुर, बाजूला सिंह आणि मागे भव्य देखावा, हे सगळं पाहायला बाहेरगावाहूनही लोक येतात. पण त्याच्या पुढच्या वर्षी या मूर्ती कशाच्या असतील, हे तेव्हा कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या मोठ्या मूर्तींना न्यायालयाने दिलेली सवलत मार्च २०२६ पर्यंतचीच होती.

नेमका काय वाद आहे, आणि तो फक्त ‘माती वापरा’ म्हणून का मिटत नाही?

आतापर्यंत काय घडलं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पीओपी, थर्माकोल आणि विषारी रंगांना मनाई होती. अंमलबजावणी मात्र रेंगाळली.

३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सूचना काटेकोर पाळण्याचा आदेश दिला. मूर्तिकारांच्या संघटनांनी रोजगाराचा मुद्दा मांडला. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडून अभ्यास करून घेतला. त्यानंतर ९ जूनला न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली. नैसर्गिक जलस्रोतात विसर्जनाला मात्र नाही.

२४ जुलैच्या आदेशाने आणखी एक रेषा आखली. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. त्याहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलस्रोतात विसर्जनाची तात्पुरती मुभा मिळाली. ही मुदत मार्च २०२६ पर्यंत होती.

पीओपी इतकं सोयीचं का?

उत्तर साच्यात आहे. मूर्तिकार आधी मातीची मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावर रबराचे पातळ थर एकावर एक चढवले जातात. रबर वाळलं की बाहेरून आधारासाठी पीओपीचं किंवा फायबरचं कवच बसवतात. मग हे सगळं सोडवून घेतलं की मूर्तीचा उलटा ठसा, म्हणजे साचा, हाती येतो.

आता त्यात पाण्यात कालवलेलं पीओपी आणि बळकटीसाठी नारळाचा काथ्या घातला जातो. पीओपी म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतं. रबर ताणलं जात असल्यामुळे दागिन्यांची नक्षी, बोटं, सिंहाची आयाळ न मोडता मूर्ती बाहेर येते. लगेच तोच साचा पुढच्या मूर्तीसाठी तयार असतो. मूर्ती आतून पोकळ, म्हणून हलकी. दूरच्या गावी ट्रकने नेली तरी फुटण्याची भीती कमी.

शाडू मातीही साच्यात दाबता येते. पण ती वाळायला दिवस लागतात आणि वाळताना ती आकसते, तडकते. त्यात कामाचा हंगाम पावसाळ्याचा. म्हणजे एका साच्यातून दिवसभरात निघणाऱ्या मूर्ती कमी होतात, त्या वाळवायला जागा जास्त लागते आणि मोडतोडही वाढते. शिवाय शाडू प्रामुख्याने गुजरातेतून येते, त्यामुळे विदर्भापर्यंतचं भाडं वेगळं. बंदीचा भार पडतो तो इथे: वेळ, जागा आणि हात यांच्यावर. त्याचा हिशेब कोणत्याही आदेशात दिसत नाही.

मग पाण्यात नेमकं काय होतं?

साच्यात घट्ट झालेलं पीओपी म्हणजे पुन्हा जिप्समच. ते एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दहा किलोची एक मूर्ती पूर्ण विरघळायला ढोबळमानाने किमान चार हजार लिटर पाणी हवं. बाकीचा चिखल तळाशी बसतो. वरचे रासायनिक रंग हा वेगळा धोका. रंग तेच असतील तर मातीची मूर्तीही निर्दोष ठरत नाही.

या सवलतीत मुंबईतली सहा फुटांवरची मूर्ती समुद्रात जात होती. यवतमाळात समुद्र नाही. इथे ‘नैसर्गिक जलस्रोत’ म्हणजे नदी, तलाव किंवा धरण. निळोणा आणि चापडोह ही धरणं शहराची तहान भागवतात, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटल्यावर शहराचे काय हाल झाले, ते यवतमाळकर विसरलेले नाहीत. त्यामुळे अशी सवलत इथे मुंबईपेक्षा जास्त महाग पडू शकते.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि त्याचे काही भाग आपल्या ओळखीचेच आहेत.

पहिला भाग बंगाली पद्धतीचा. तिथे दुर्गेचं शरीर बांबू, भाताचं तणस आणि मातीने बांधतात. चेहरा मात्र साच्यात मातीनेच घडवून नंतर बसवतात. मोठी मूर्ती हलकी राहते, नाजूक काम साचा करतो आणि पीओपी लागत नाही.

दुसरा आपल्या घरातला. विदर्भात महालक्ष्म्यांचे, म्हणजे ज्येष्ठा गौरींचे मुखवटे बहुतेक घरांत जपून ठेवतात आणि दरवर्षी तेच पूजतात. मंडळांनाही हे जमतं. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीची मोठी मूर्ती कायमची आहे, तिचं विसर्जन होत नाही. फायबरची मोठी मूर्ती एकदाच घडवायची आणि विसर्जनाला मातीची लहान मूर्ती न्यायची, असं कोणतंही मंडळ करू शकतं. मूर्तिकाराचं दरवर्षीचं काम यात कमी होईल, हेही खरं. रंगकाम, दुरुस्ती आणि हलते देखावे यांतून ते किती भरून निघेल, याचा विचार आधी व्हायला हवा.

तिसरा रसायनशास्त्राचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी मूर्ती विरघळवण्याची पद्धत विकसित केली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळतं. पण मूर्तीच्या वजनाइतकं रसायन लागत असल्याने ही पद्धत घरगुती मूर्तींना सोपी आणि दहा-बारा फुटांच्या दुर्गेला अवघड आहे.

आता काय व्हायला हवं?

मूर्तिकारांची पुढच्या हंगामाची तयारी उन्हाळ्याच्या आधीच सुरू होते. निर्णय त्यानंतर आला, तर तोवर साचे तयार झालेले असतील आणि पीओपीची पोतीही आलेली असतील. २०२५ चा गोंधळ पुन्हा होईल आणि शेवटी ‘यंदापुरती’ आणखी एक सवलत मागितली जाईल.

ते टाळायचं तर तीन गोष्टी आत्ताच ठरायला हव्यात. मंडळांनी मूर्तीची उंची आणि साहित्य डिसेंबरपर्यंत ठरवून मूर्तिकाराला आगाऊ रक्कम द्यावी, म्हणजे माती वाळायला वेळ मिळेल. नगरपरिषदेने मूर्तिकारांना वाळवणीसाठी छप्पर असलेली जागा आणि माती उपलब्ध करून द्यावी. आणि जिल्हा प्रशासनाने पिण्याच्या पाण्याची धरणं, मूर्ती कितीही उंच असो, विसर्जनातून वगळल्याचं आधीच जाहीर करावं.

तुमच्या मंडळाची पुढच्या वर्षीची पहिली बैठक असेल, तेव्हा वर्गणीच्या आकड्याआधी मूर्ती कशाची आणि किती फुटांची, हे विचारून घ्या.