पुस्तक द्यावे, वाचणारा पाहून



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी गावच्या वाचनालयाविषयी चार शब्द लिहीत आहोत. शेतकी खात्याचा माणूस पुस्तकांत कुठे शिरला, असे कुणी विचारील. पण ग्रंथपालाचे काम आणि आमचे काम यांत फारसा फरक नाही, असे आमचे मत आहे.

चोपण जमिनीचा सभासद बेणे विचारायला आला, तर आम्ही त्याला जातींची यादी वाचून दाखवत नाही. जमीन कशी आहे, पाणी विहिरीचं की तापीचं, लागण कधी करणार, हे आधी विचारतो. मग सांगतो, ‘भाऊ, तुझ्या रानात फुले 265 लाव.’ निचऱ्याची जमीन असलेल्या शेजाऱ्याला को 86032 सांगतो. चांगला ग्रंथपाल हेच करतो. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतल्या दोहोंचा मतलब हाच, की वाचणारा आणि त्याच्या कामाचे पुस्तक यांची गाठ पडली पाहिजे. नुसती कपाटे भरून ही गाठ पडत नाही. ती घालून देणारा माणूस लागतो.

आपल्या भागापुरते पाहू. पोरगा बारावी होऊन पुण्याला शिकायला निघाला असेल, तर त्याच्या हाती नेमाड्यांची ‘कोसला’ द्यावी. 1963 सालची ही कादंबरी आहे खानदेशातून पुण्याला गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची, आणि लिहिणारा यावल तालुक्यातल्या सांगवीचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विनोबांची ‘गीता प्रवचने’ द्यावी. ती 1932 साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी तिथेच लिहून घेतली, हेही सांगावे. म्हणजे पुस्तक परके वाटत नाही. कर्जाने आणि कचेरीच्या खेट्यांनी टेकीला आलेल्या माणसाला जोतिरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ द्यावा. 1883 साली लिहून झालेल्या त्या पुस्तकात त्याला आपलेच घर दिसेल.

आता कुणी म्हणेल, वाचायला वेळ कुणाला आहे, आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? याचे उत्तर बहिणाबाईंनी देऊन ठेवले आहे. आसोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर ती गाणी म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ ऐकून ती कागदावर उतरवायचे. 1951 साली बाई गेल्या. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने गाण्यांचे पुस्तक निघाले. कुणी लिहून घेतलं नसतं तर ती गाणी बाईंबरोबरच गेली असती. आपल्या घरोघरी आजही कानबाईची, लग्नाची अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आज्या आहेत. महिन्यातून एक दुपार ग्रंथपालाने त्यांना वाचनालयात बोलवावे. आधी पुस्तकातले दोन पानं वाचून दाखवावे, मग त्यांची गाणी ऐकावी, आणि शाळेतल्या पोरींनी ती वहीत उतरवावी. याला फार पैसा लागत नाही. सतरंजी, चहा आणि एक कोरी वही पुरे.

ही कल्पना आम्ही हवेतून काढलेली नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा पुढे बडोद्याचा महाराज झाला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला माणूस पुन्हा विसरू नये म्हणून 1910 साली बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला आणि गावोगाव मोफत वाचनालये सुरू केली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या, वाहतूक खर्च सरकारचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दिव्यावरची चित्रे, पुढे सिनेमाही दाखवत. आपल्या शिंदखेड्याहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर सोनगड आणि व्यारा लागतात, तो मुलूख तेव्हा बडोदे संस्थानातच होता. या योजनेतली एक अट आम्हाला फार आवडते. खर्चाचा एक वाटा गावाने उचलायचा, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने. म्हणजे गावाचा हिस्सा आधी. सहकार याहून वेगळा तो काय?

पेटीची ही रीत आजही चालते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात 2009 पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरत आहेत.

आता पैशाची बाजू. 1967 च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. पण खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला पुष्कळ वर्षे सालाला 30,000 रुपये मिळायचे. 2022 मध्ये वाढून 48,000 झाले. तरी महिन्याला 4,000 पडले. यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन. एवढ्यात माणूस टिकावा कसा? आणि जाणता माणूस टिकला नाही, तर वाचनालय म्हणजे सकाळी पेपर चाळायची जागा एवढंच उरतं.

मोबाइल असताना हे कशाला, असेही विचारतात. मोबाइलवर सगळं आहे, हे खरं. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या शेताचा व्हिडिओ पाहून आपल्या रानात औषध मारणारे सभासद आम्हाला दर हंगामात भेटतात. मोबाइल समोरच्याची जमीन विचारत नाही. पुस्तकाच्या बाबतीतही तेच.

म्हणून आमची सूचना अशी. ज्याची लेखी संमती असेल त्याच सभासदाच्या बिलातून टनामागे 1 रुपया वाचनालयासाठी द्यावा. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे वर्षाला 100 रुपये होतात. सक्तीची कपात अजिबात नको. कपातींना सभासद आधीच कंटाळला आहे. या पैशातून ग्रंथपालाच्या मानधनात भर घालावी आणि प्रत्येक गट ऑफिसात पुस्तकांची एक पेटी ठेवावी. ऊसनोंदीला किंवा बिलाच्या चौकशीला येणारा माणूस तासभर बसूनच असतो, तो तेवढ्यात पुस्तक घेऊन जाईल. गळीत हंगामात हीच पेटी तोडणी कामगारांच्या कोप्यांवर न्यावी आणि संध्याकाळी पोरांना गोष्ट वाचून दाखवावी. ज्यांचे आईबाप आपला ऊस तोडतात, त्या पोरांची शाळा दर साल बुडते. त्यांचेही आपल्यावर काही देणे लागते.

वार्षिक सभेत हा विषय निघावा, अशी विनंती आहे. तोवर प्रत्येक सभासदाने एकदा वाचनालयात जावे आणि ग्रंथपालाला सांगावे की मी अमुक पिकवतो, घरात अमुक माणसं आहेत, आमच्यासारख्याला काय देता? त्यालाही कुणीतरी विचारायला हवं आहे.