फॉरमॅट मारण्याआधी...

कॉम्प्युटर वारंवार बंद पडायला लागला की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले असतात. पहिला, त्याला एक चापट मारायची. दुसरा, ‘फॉरमॅट मार यार!’ पहिल्याने निदान मनाला तरी बरं वाटतं. दुसऱ्यात पैसे जातात, ट्रिपचे फोटो जातात आणि आठवड्याभरात तो निळा स्क्रीन पुन्हा हजर! (२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये तो काळा केला. दुखणं तेच, फक्त कपडे बदलले.)

आपल्या ऑफिसात असं झालं तर आपण आयटीवाल्याला फोन लावतो आणि चहा प्यायला जातो. शहापूर-मुरबाडच्या गावांत ही चैन नाही. मुरबाडला तर अजून रेल्वे नाही. तिथल्या रिपेअरवाल्याला जमलं नाही, की सीपीयू मांडीवर घ्या आणि एसटीने कल्याण गाठा! शिवाय तिथे कॉम्प्युटर म्हणजे टाइमपास नव्हे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, सगळं त्या एका खोक्यातून निघतं. वाडीवरून पहिल्या गाडीने आलेल्या बाईंचा फॉर्म भरता भरता मशीन बसलं, तर त्यांचा दिवसाचा रोज बुडतो. उद्याचं तिकीट पुन्हा वेगळं.

शहापूरला माझ्या ओळखीचा एक झेरॉक्सवाला आहे. फॉर्मही भरून देतो. त्याचा पीसी तीनदा फॉरमॅट झाला होता. ‘बंद पडतो कधी?’ मी विचारलं. ‘केव्हाही! पण फॉर्म अपलोड करायला घेतला की हमखास.’ अहो, मग आरोपी समोरच बसलाय की! मोबाइलचा हॉटस्पॉट पकडायला त्याने वायफायचा डोंगल लावला होता. त्याच्यासोबत आलेली छोटी सीडी त्याने देवासारखी जपलेली. दर फॉरमॅटनंतर त्याच सीडीवरचा तोच जुना ड्रायव्हर इमानेइतबारे परत टाकला जायचा. विंडोज १०, आणि ड्रायव्हर विंडोज ७ च्या जमान्यातला. डोंगलचा मॉडेल नंबर बघून नवा ड्रायव्हर टाकला आणि रोजची कटकट थांबली.

आता हा ड्रायव्हर म्हणजे नक्की काय? माळशेज घाटातली एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रवाशाला डुलकी लागली तर फार तर त्याचा स्टॉप चुकतो. ड्रायव्हरला लागली तर अख्खी गाडी धोक्यात! वर्ड किंवा ब्राउझर हे प्रवासी. ते अडकले तर तेवढेच बंद होतात. पण वायफाय, ग्राफिक्स कार्ड चालवणारे बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करतात. तिथे कुणी चुकलं, की आणखी नुकसान नको म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवते. निळा स्क्रीन म्हणजे कंडक्टरने मारलेली ती एक घंटी. राग तिच्यावर काढून उपयोग नाही.

यातून भलेभले सुटलेले नाहीत. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चा डेमो चालू होता. सहकाऱ्याने एक स्कॅनर जोडला आणि भर स्टेजवर निळा स्क्रीन! पुढे व्हिस्टाच्या वेळी, २००७ मधल्या क्रॅशच्या एका नोंदीत २८.८ टक्के खापर एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हर्सवर फुटलं होतं. मायक्रोसॉफ्टचे हे आकडे कोर्टातल्या कागदपत्रांतून बाहेर आले.

तर बॉस, आधी तपास, मग शिक्षा. स्क्रीनवर ‘स्टॉप कोड’ दिसला की मोबाइलने फोटो काढा. खाली डॉट एसवायएस असं शेपूट असलेलं नाव असेल तर सोन्याहून पिवळं; बहुतेक वेळा तोच संशयित. मग स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. कुठल्या तारखेपासून बिघाड सुरू झाला, त्याचा तक्ताच समोर येतो. त्या दिवशी नवीन काय जोडलं होतं, ते आठवा.

पुढचा मुक्काम डिव्हाइस मॅनेजर. तिथे ड्रायव्हरची तारीख दिसते, पण एकदम दचकू नका. विंडोजसोबत येणाऱ्या कित्येक ड्रायव्हर्सवर मुद्दाम २१ जून २००६ ही तारीख असते, म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर आला की तो आपोआप वरचढ ठरतो. इंटेलच्या काही फाइल्सवर तर चक्क १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीचा वाढदिवस! त्यामुळे तारखेसोबत व्हर्जन नंबर बघा आणि तो कंपनीच्या साइटशी ताडून पाहा. तिथूनच ड्रायव्हर घ्या. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरला लांबूनच नमस्कार. आधी रिस्टोअर पॉइंट करा, एका वेळी एकच ड्रायव्हर बदला, बिनसलं तर ‘रोल बॅक’.

आणि दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर? मग रॅम, गरम होणं, विजेचं येणं-जाणं याकडे बघा. तिथे बिचाऱ्या ड्रायव्हरचा दोष नसेलही.

नवं ते सगळं सोनं, असंही नाही हं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे केले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले! उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यामुळे जुन्या मशीनवाल्यांना आता जास्त जागं राहायला हवं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं घर आसनगावपलीकडे किंवा मुरबाडच्या आसपास असेल. या वीकेंडला जाल तेव्हा आधी घरी फोन करून कॉम्प्युटरचा, प्रिंटरचा, डोंगलचा मॉडेल नंबर विचारून घ्या. शहरातल्या तुमच्या फास्ट नेटवर त्यांचे ड्रायव्हर उतरवा आणि पेनड्राइव्ह खिशात टाका. मिठाईच्या बॉक्सपेक्षा हलका आहे आणि टिकेलही जास्त. घरचं काम झालं की तो नाक्यावरच्या फॉर्मवाल्यालाही दाखवा. त्याच्या दुकानाबाहेरची रांग पुढे सरकायला हवी.