यादीत नाव नाही म्हणजे माणूस अपात्र नव्हे : कुरखेडा तालुक्यातून निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
मार्फत : मा. उपविभागीय अधिकारी, कुरखेडा

विषय : कार्यालयीन सॉफ्टवेअर बाहेरच्या डेटाबेसला जोडून काढलेल्या याद्या अपुऱ्या किंवा चुकीच्या निघत असल्याने, सही होण्यापूर्वी त्यांची पडताळणी बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

कुरखेडा तालुक्यात शासनाचे दार यादीने उघडते आणि यादीनेच बंद होते. आधारभूत केंद्रावर धान विकायचे असो, बोनस असो, अतिवृष्टीची मदत असो की वनहक्काचा दावा, आधी नाव यादीत असावे लागते. ही यादी आता कोणी हाताने लिहीत नाही. मूळ नोंदी दूरच्या सर्व्हरवर असतात. कार्यालयातला संगणक त्या डेटाबेसला जोडला जातो, किंवा तिथून उतरवलेली फाइल एक्सेल, ॲक्सेस किंवा लिबरऑफिसमध्ये उघडली जाते. मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालते आणि प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. त्यावर सही-शिक्का उमटला की पुढचे सगळे त्या कागदावर ठरते. हे निवेदन देणारे लोक ग्रामपंचायतींतले संगणक परिचालक, आपले सरकार सेवा केंद्रांचे चालक आणि ग्रामसभांचे पदाधिकारी आहेत. तो कागद कित्येकदा अपुरा असतो आणि तसे असल्याची एकही खूण त्यावर नसते, ही त्यांची तक्रार आहे.

सर्व्हर बंद पडला तर निदान कळते. इथे काहीच बंद पडत नाही. संगणक लाल अक्षरात इशारा देत नाही, क्वेरी सुरळीत संपते, रकाने सरळ रेषेत येतात. फक्त काही माणसे त्यात नसतात.

सुरुवात भूमापन क्रमांकापासून करावी लागेल, कारण तालुक्यातल्या बहुतेक शेतकऱ्यांची ओळख सातबाऱ्यावरच्या त्या आकड्याने होते. पोटहिस्सा पडलेल्या जमिनीचा क्रमांक १२/३ असा लिहिला जातो. साधी मजकूर-फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल तो क्रमांक न विचारता तारीख समजते. संगणकाची सेटिंग भारतीय असेल तर १२ मार्च, अमेरिकी असेल तर ३ डिसेंबर. आत मात्र तो पाच आकडी अनुक्रमांक म्हणून साठतो. मग ही फाइल महसुलाच्या टेबलाशी जुळवली की १२/३ कुठेच सापडत नाही. १२/३ हरवतो एवढ्यावरच हे थांबत नाही. खरी फसगत अशी की ४०/२ यासारखे क्रमांक, तसा दिवस किंवा महिना नसल्यामुळे, जसेच्या तसे राहतात. त्यामुळे यादी वरवर चाळणाऱ्याला सगळे ठीकच वाटते.

एक्सेलची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटाबेस म्हणून जोडली की वेगळा घोटाळा होतो. मधला ड्रायव्हर रकान्यात आकडे आहेत की मजकूर, हे ठरवण्यासाठी सर्वसाधारणपणे पहिल्या आठच ओळी पाहतो. त्या आठ ओळींत ४१, ४२, ४३ असे साधे क्रमांक असले तर सगळा रकाना आकड्यांचा ठरतो. नवव्या ओळीत मजकूर म्हणून लिहिलेला ४३/१ त्यात बसत नाही, म्हणून ती जागा रिकामी वाचली जाते. शेतकऱ्याचे नाव राहते, त्याची जमीन नाहीशी होते. पोटहिस्से गरिबांच्या आणि वाटण्या झालेल्या कुटुंबांच्या जमिनींनाच अधिक असतात, याकडे निवेदनकर्ते विशेष लक्ष वेधतात.

बँक खात्याचेही असेच. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच नीट धरून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून आला तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर पहिल्याच फटक्यात जातात. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. अशा वेळी एका यादीत शाखेचा जुना आयएफएससी आणि दुसरीत नवा असला, आणि दोन्ही याद्या त्याच रकान्यावर जुळवल्या, तर जुन्या कोडचे खातेदार निमूट गळतात.

सर्वांत फसवा प्रकार मात्र खाते क्रमांकाचा, म्हणजे गाव नमुना ८-अ चा आहे. बाहेरच्या डेटाबेसमधले एखादे टेबल ॲक्सेसला जोडताना त्याला स्वतःची किल्ली नसेल, तर ॲक्सेस विचारते : प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची ती कोणत्या रकान्यावरून? घाईत असलेला माणूस साहजिकच ‘खाते क्रमांक’ निवडतो. पण ८-अ चा खाते क्रमांक त्या-त्या गावापुरताच असतो. पुराड्यात खाते ४५ आहे, कढोलीत आहे आणि गेवर्ध्यातही आहे. ॲक्सेस आधी नुसत्या किल्ल्या आणते आणि मग किल्लीवरून ओळ मागवते. तीन वेगळ्या गावांच्या तीन शेतकऱ्यांऐवजी पडद्यावर एकच शेतकरी तीनदा येतो. एकूण ओळी मोजल्या तर बेरीज तंतोतंत जुळते! मोजणी ही कार्यालयातली सर्वांत विश्वासाची तपासणी. ती इथे उपयोगाची नाही. दोन शेतकरी गेले आणि त्यांच्या जागी तिसऱ्याची पुनरुक्ती झाली, हे नुसत्या ओळी मोजून कळत नाही, यादी गावात वाचून दाखवली की कळते.

‘कोणाचे पैसे अजून बाकी आहेत?’ या प्रश्नाचेही तसेच. ज्यांचा आधार क्रमांक पैसे मिळालेल्यांच्या यादीत नाही अशांची नावे द्या, अशी क्वेरी लिहिली जाते. त्या मिळालेल्यांच्या यादीत एखाद्याच्या आधारची जागा जरी रिकामी असली, तरी एसक्यूएलच्या नियमानुसार उत्तर पूर्ण कोरे येते. रिकाम्या जागेत काय असेल हे माहीत नसल्यामुळे कोणाबद्दलच ‘तो त्या यादीत नाही’ असे डेटाबेस ठामपणे म्हणत नाही. पडद्यावर शून्य ओळी दिसतात आणि अहवालात लिहिले जाते : एकही प्रकरण प्रलंबित नाही.

गावांच्या आणि माणसांच्या नावांविषयी सांगावे तेवढे थोडे आहे. छत्तीसगडची सीमा जवळ, त्यामुळे हिंदी कळफलकावर ‘पुराडा’ लिहिताना ड खाली नुक्ता पडतो. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, डेटाबेसला ते दुसरे गाव वाटते. ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते आणि छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या फॉन्टमधल्या नोंदी तर युनिकोडच्या शोधात सापडतच नाहीत. शोधासाठी ‘काहीही चालेल’ हे सांगणारे चिन्ह बहुतेक डेटाबेसमध्ये टक्क्याचे असते, ॲक्सेसमध्ये नेहमीच्या सेटिंगला चांदणीचे. एका कार्यालयात चाललेली क्वेरी दुसऱ्या कार्यालयातल्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर नेली की तीच शून्य उत्तर देऊ शकते. लिबरऑफिस बेसमध्ये मोठे टेबल उघडले की खाली सुरुवातीला चाळिशीच्या आसपासचा आकडा आणि पुढे चांदणी दिसते. ती चांदणी ‘अजून ओळी आहेत’ असे सांगते. ते कोणी शिकवलेले नसेल, तर चाळीस हाच एकूण आकडा समजला जातो.

या गोष्टी तांत्रिक वाटतात, पण त्यांची किंमत रुपयांत मोजता येते. २०२३-२४ च्या खरिपासाठी राज्य शासनाने धान उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी २०,००० रुपये जाहीर केले होते. पूर्ण मर्यादेतल्या शेतकऱ्याचे ४०,००० रुपये अशा एका रिकाम्या रकान्यावर अडकू शकतात. पहाडीकडच्या गावातून तालुक्याला येऊन ‘माझे नाव का नाही’ असे विचारणाऱ्याला ‘सिस्टीममध्ये नाही’ असे उत्तर मिळते. ते उत्तर देणारा कर्मचारी खोटे बोलत नसतो. पण त्याच्यासमोर सिस्टीम नसते. सिस्टीमला विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न चुकलेला असू शकतो.

राज्याने हे मोठ्या प्रमाणावर भोगलेले आहे. २८ जून २०१७ च्या शासन निर्णयाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले आणि १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, शेतकऱ्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रे दिली गेली. त्यानंतर बँकांची माहिती आणि अर्जांची माहिती एकमेकींशी जुळेना. बँकांच्या याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक खातेदारांसमोर असल्याचे पुढे आले आणि पात्र ठरलेल्यांच्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. तिकडे इंग्लंडमध्ये, पैसा आणि यंत्रणा मुबलक असूनही, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ कोरोनाबाधित दैनंदिन आकडेवारीतून सुटले. प्रयोगशाळांच्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात ओतल्या जात होत्या आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी तशाच कापल्या गेल्या, आणि त्या बाधितांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. जनुकांच्या नावांना एक्सेल तारखा समजते म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावेच बदलली. शेतकऱ्याला आपला भूमापन क्रमांक तसा बदलता येत नाही.

म्हणून निवेदनकर्त्यांची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की केवळ क्वेरीतून निघालेल्या यादीत नाव नाही एवढ्या कारणावर कोणालाही अपात्र ठरवू नये. प्रत्येक यादीसोबत वगळलेल्यांची यादीही, प्रत्येक नावासमोर कारणासह, काढली जावी आणि दोन्ही याद्या ग्रामसभेत वाचल्या जाव्यात. कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. त्यामुळे इथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम लागू आहेत. वनहक्काच्या दाव्यांची पडताळणी ग्रामसभा आधीपासून करतच आहे. कोण कोणाचा मुलगा, कोणाची जमीन नाल्याच्या कोणत्या बाजूला, हे गावाला कुठल्याही सर्व्हरपेक्षा नेमके ठाऊक असते. या वाचनाच्या वेळी आधारचे शेवटचे चारच अंक दाखवावेत. यादी तपासायची आहे, लोकांची माहिती उघड्यावर टाकायची नाही.

सही होण्यापूर्वी प्रत्येक यादीच्या तळाशी मूळ डेटाबेसचे नाव, माहिती उतरवल्याची तारीख व वेळ, क्वेरीतल्या अटी, मुळातल्या ओळींची संख्या, यादीतली संख्या आणि वेगवेगळ्या शेतकऱ्यांची संख्या छापलेली असावी. शेवटचा आकडा मुद्दाम मागितला आहे. पुराडा-कढोलीसारखी पुनरुक्ती त्याच आकड्यात पकडली जाते.

जिल्ह्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तालुका कार्यालयांना कच्ची टेबले न देता तयार, तपासलेल्या आणि फक्त वाचता येतील अशा क्वेरी द्याव्यात. त्यांत गाव नावाने न ओळखता स्थानिक शासन निर्देशिकेतल्या कोडने ओळखले जावे, आणि किल्ली गावाचा कोड अधिक खाते क्रमांक अशी जोडून ठेवावी. आधार, बँक खाते आणि भूमापन क्रमांक हे रकाने सर्वत्र मजकूर म्हणूनच साठवले जावेत. यात खर्च जवळजवळ नाही. हवा आहे तो एक आदेश.

प्रत्येक कार्यालयातल्या संगणकासाठी एक छोटी चाचणी-फाइल तयार करावी. तिच्यात १२/३ असावे, सोळा अंकी खाते असावे, रिकामा आधार असावा, दोन प्रकारे लिहिलेला ऱ्य असावा, तीन गावांचे खाते ४५ असावे. योग्य उत्तर आधीच लिहून ठेवलेले असेल. सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर बदलला की आधी ही फाइल चालवावी आणि उत्तर जुळले तरच खरी यादी काढावी. त्यासाठीचे प्रशिक्षण कुरखेड्यातच व्हावे. परिचालकांना गडचिरोली-नागपूरला बोलावून एका दिवसात पन्नास स्लाइड दाखवल्याने हे काम शिकता येत नाही.

या निवेदनावरून कोणत्याही परिचालकावर कारवाई होऊ नये, अशी निवेदनकर्त्यांची आग्रहाची विनंती आहे. तुटपुंज्या मानधनावर, अडखळत्या नेटवर्कवर, ‘आजच यादी पाहिजे’ अशा फोनखाली ही माणसे काम करतात. चूक दाखवणाऱ्याला नोटीस मिळणार असेल तर पुढची चूक कोणी दाखवणार नाही.

२०२२-२३ पासूनच्या धान बोनस आणि अतिवृष्टी मदतीच्या याद्या वरील पद्धतीने पुन्हा जुळवून पाहाव्यात आणि सुटलेल्यांना फरकाची रक्कम मिळावी, हीदेखील मागणी आहे. सुरुवातीला पुराडा, कढोली, मालेवाडा व गेवर्धा या चार गावांच्या याद्या घेतल्या तरी चालेल. निवेदनकर्ते स्वतः त्या कामाला बसायला तयार आहेत.

या मागण्यांवर उपविभागीय कार्यालय, कुरखेडा येथे जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि आदिवासी विकास महामंडळाच्या प्रतिनिधींसह बैठक लावावी आणि तिची तारीख ३० दिवसांच्या आत लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
कुरखेडा तालुक्यातील संगणक परिचालक, सेवा केंद्र चालक व ग्रामसभांचे पदाधिकारी

प्रत माहितीस्तव : तहसीलदार, कुरखेडा, गटविकास अधिकारी, पंचायत समिती, कुरखेडा, जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी, गडचिरोली