ट्रॅक्टरचे कर्ज आणि मोबाईलवरील हिशेब

कर्जाचा मासिक हप्ता क्षणार्धात सांगणारे कॅल्क्युलेटर आज मोबाईलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. शेतकरी बंधूंनी त्यांचा उपयोग अवश्य करावा. तथापि ही साधने बहुधा घटत्या शिलकेवर व्याज धरतात, हे ध्यानी असावे. ५ लाखांचे ट्रॅक्टर-कर्ज, मुदत ५ वर्षे, दर ९ टक्के : मोबाईल १०,३७९ रुपयांचा हप्ता दाखवितो. परंतु विक्रेत्याने सांगितलेले ९ टक्के ‘फ्लॅट’, म्हणजे अखेरपर्यंत मूळ रकमेवर असतील, तर हप्ता १२,०८३ रुपयांचा पडतो. ६० हप्त्यांत लाखाहून अधिक फरक! व्याजाची पद्धत विचारण्यात संकोच कसला? शिवाय सोयाबीनचा पैसा काही दरमहा येत नाही. तेव्हा सहामाही हप्त्याचा आकडाही लेखी मागून घ्यावा आणि मगच सही करावी.