कन्सोलसाठी उसने इंटरनेट

गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून केवळ खेळण्यासाठी बनवलेला संगणक, इंटरनेटवर आला तेव्हा खेळणाऱ्याच्या घरी वाय-फाय असेलच असे निर्मात्यांनी धरलेले नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सला केबल लावण्यापुरता इथरनेट पोर्ट होता. २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० साठी वाय-फायचे उपकरण वेगळे पैसे मोजून घ्यावे लागे आणि ते यंत्रातच बसवलेली आवृत्ती येण्यास २०१० साल उजाडले. ज्याच्यापाशी वाय-फाय असलेला लॅपटॉप आधीच होता, त्याला हा खर्च टाळण्याचा मार्ग उघड दिसत होता : लॅपटॉपने हवेतून इंटरनेट घ्यावे आणि केबलने ते कन्सोलला द्यावे. विंडोजमध्ये ही सोय ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ या नावाने १९९९ पासून, म्हणजे विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. निन्टेन्डोने तर २००५ मध्ये संगणकाच्या यूएसबी पोर्टात बसवायचे एक छोटे उपकरणच विकायला काढले, जे त्या संगणकाचे इंटरनेट हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो डीएसला बिनतारी पुरवीत असे.

या व्यवस्थेत लॅपटॉप हा निव्वळ पाइप असतो असा समज आढळतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या समजात आहे. शेअरिंग सुरू होताच लॅपटॉप स्वतःच एक लहान राउटर बनतो. विंडोज ७ पासून तो कन्सोलच्या बाजूला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता धारण करतो, कन्सोलला त्याच मालिकेतला दुसरा पत्ता देतो आणि कन्सोलची प्रत्येक मागणी स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो. एका पत्त्याआड अनेक यंत्रे ठेवण्याच्या या पद्धतीला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच नॅट म्हणतात. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत जेमतेम ४.३ अब्ज पत्ते आहेत आणि ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये नॅटची पद्धत तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली. हा तात्पुरता उपाय आजही जवळपास प्रत्येक घरातल्या राउटरमध्ये नांदतो आहे.

नॅटचे वागणे सोसायटीच्या फाटकावरील वॉचमनसारखे असते : रहिवाशाने मागवलेले सामान तो आत सोडतो, पण न बोलावता आलेल्या पाहुण्याला कोणाकडे पाठवायचे हे माहीत नसल्याने परत धाडतो. वेबपान पाहणे किंवा चित्रपट लावणे या कामांत मागणी नेहमी आतून निघते, म्हणून तेथे काही बिघडत नाही. अनेक ऑनलाइन खेळांत मात्र खेळाडूंची यंत्रे एकमेकांशी थेट बोलतात आणि अनोळखी यंत्राकडून आलेला पहिला संदेश स्वीकारणे भाग असते. लॅपटॉप मध्ये आला की घरच्या राउटरचे एक आणि लॅपटॉपचे एक अशी दोन फाटके होतात. घरातली उपकरणे राउटरला आपल्यासाठी वाट उघडण्यास सांगू शकतात आणि त्या सोयीला यूपीएनपी म्हणतात. पण कन्सोलची ही विनंती लॅपटॉपपाशीच थांबते, पलीकडच्या राउटरला तिची वार्ताही नसते. अशा वेळी एक्सबॉक्स ‘स्ट्रिक्ट’ आणि प्लेस्टेशन ‘टाइप ३’ हा शेरा देण्याचा संभव असतो. स्ट्रिक्ट शेऱ्याची दोन एक्सबॉक्स यंत्रे परस्परांना जोडली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे डाउनलोड सुरळीत चालते, पण मित्राचा आवाज ऐकू येत नाही किंवा खेळाची खोलीच सापडत नाही, आणि दोष विनाकारण सिग्नलला दिला जातो. भारतात अनेक मोबाइल कंपन्या व स्थानिक ब्रॉडबँडवाले ग्राहकांना स्वतःच्या सामायिक पत्त्यांआड ठेवतात. तेथे हे तिसरे फाटक ठरते, आणि ते उघडणे ग्राहकाच्या हातात नसते.

‘ब्रिज’ करून, म्हणजे लॅपटॉपच्या दोन्ही जोडण्या एकाच जाळ्यात मिसळून, हे टाळता येईल असे सुचवले जाते. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात वाय-फाय देणारा राउटर ज्या उपकरणाने त्याच्याकडे ओळख पटवली त्याच्याच हार्डवेअर-पत्त्याचे संदेश घेतो, त्यामुळे मागे दडलेल्या कन्सोलचे संदेश बहुधा तेथेच गळतात.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून असलेला ‘मोबाइल हॉटस्पॉट’ केबलचीही गरज ठेवत नाही आणि आठ उपकरणांपर्यंत इंटरनेट वाटतो. सोय मोठी आहे, परंतु लॅपटॉपचे एकच रेडिओयंत्र घेण्याचे आणि देण्याचे काम आळीपाळीने करते, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो आणि विलंब वाढतो. खेळात विलंब वेगापेक्षा जास्त नडतो. शिवाय लॅपटॉप झोपला की कन्सोलची जोडणीही तुटते, ही साधी गोष्ट पॉवरच्या सेटिंगमध्ये आधीच पाहून ठेवावी.

आता कन्सोललाच वाय-फाय असताना या उपायाची खरी जागा वसतिगृहात आणि हॉटेलात उरली आहे. तेथे नेटवर्क आधी एका वेबपानावर खोली क्रमांक किंवा पासवर्ड मागते, कन्सोलवर ते पान नीट उघडेलच असे नसते, आणि लॅपटॉपने एकदा ओळख दिली की त्याच्या आडून कन्सोल निर्धास्त चालतो. मात्र अशी वाटणी संस्थेच्या नियमांत बसते का, हे विद्यार्थ्याने आधी विचारून घ्यावे. घरी राउटर हाताशी असेल तर लॅपटॉपच्या भानगडीत न पडता कन्सोलची केबल थेट राउटरलाच लावावी.