घेऊ नये

दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे घरातल्या वस्तूंची खानेसुमारी. कोण टिकले, कोण हरवले आणि नावगाव कुणाला ठाऊक नसतानाही कोण वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे, याचा उलगडा या आठ दिवसांत होतो. यंदा आमच्या वाईच्या घरी परसातली लाकडांची खोप मोकळी केली, तेव्हा फळीमागून अशीच एक बिननावाची बाटली बाहेर आली.

वीतभर उंच, गडद निळी, सहा बाजूंची. पाठीकडच्या बाजू सपाट, पुढच्या बाजूंवर उभे कंगोरे आणि मधोमध काचेतच उठवलेली इंग्रजी अक्षरे : ‘नॉट टु बी टेकन’. तळाशी करड्या रंगाचा वाळलेला थर.

दादा म्हणाले, “अत्तराची असणार.” वहिनींनी तर ती धुऊन तीत अभ्यंगाचे तेल भरायचे ठरवलेही होते. धाकट्या पुतण्याने अक्षरे वाचून निकाल दिला, “‘नेऊ नये’ असं लिहिलंय. दवाखान्यातली असेल. कुणी पळवू नये म्हणून!”

मंडळी हसली. पण हे कोडे सोडवायला इंग्रजीपेक्षा आपली मराठीच कामी येते. आपण औषध ‘घेतो’, म्हणजे पोटात घेतो. आणि ‘हल्ली तो घेतो’ असे कुणाबद्दल कानावर आले, तर काय घेतो हे विचारावे लागत नाही. त्या इंग्रजी शब्दाचा रोख तोच आहे : पोटात घेऊ नये.

“वहिनी, ही धुऊ नका. विषाची बाटली आहे,” मी म्हटले.

“अहो भावजी, सणासुदीला काय हे बोलणं!”

पण बाटलीच तसे बोलत होती. कोबाल्टमुळे येणारा तो निळा रंग दिव्याच्या उजेडात वेगळा उठून दिसावा, आणि दिवाच नसेल तर सहा कोन व कंगोरे बोटांना लागावेत, अशी ती योजना. मध्यरात्री आजाऱ्याच्या उशाशी चाचपडणाऱ्या हाताला काचेनेच सांगायचे, ‘थांब, मी ती नव्हे.’ अशा बाटलीत नेहमी सोमलच असे, असेही नाही. अंगाला चोळायची औषधे, अमोनिया, जंतुनाशके, असे वरून वापरायचे पुष्कळ काही तीत मिळे.

वयाची खूण शिवणीत असते. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची रेघ बाटलीच्या अंगावर उमटते. आमच्या बाटलीची शिवण ओठाच्या खालीच विरली होती, म्हणजे तिचा ओठ कारागिराने हाताने वळवलेला. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्सने बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र उभे केले. यंत्राच्या बाटलीची शिवण थेट ओठावर चढते. यंत्रे सगळीकडे एकाच दिवशी पोचली नाहीत, हे खरे. तरी आमची पाहुणी शंभरीच्या आसपासची म्हणायला हरकत नाही.

एवढा खटाटोप का करावा लागला? १८५८ साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड गावी पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली आणि २०० च्या आसपास आजारी पडली. साखर महाग, म्हणून गोळ्यांत जिप्समची पूड मिसळण्याची रीत होती. औषधविक्रेत्याच्या नोकराने तीऐवजी सोमलाची पूड बांधून दिली. दोन्ही पांढऱ्याच! कुणाच्या मनात वैर नव्हते. नव्हती ती फक्त ओळखण्याची खूण. असल्या घटनांनंतर तिकडे १८६८ साली कायदा झाला आणि विषाच्या बाटलीवर पदार्थाचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि विकणाऱ्याचे नावगाव लिहिणे सक्तीचे ठरले. पण चिठ्ठी भिजते, निघून येते. काचेतले अक्षर आणि कंगोरे मात्र जात नाहीत.

हे सारे ऐकून ओसरीवरची आत्या एकदम म्हणाली, “अरे, म्हणजे ही आजीची खरबरी!” लहानपणी आम्हां सर्वांना ‘खरबरीला हात लावाल तर याद राखा’ हा दम पाठ होता. खरबरी म्हणजे कुणी भूत असावे अशी आमची समजूत. आत्याने सांगितले, मोतीबिंदूने आजीला दिसेनासे झाले होते. गुडघ्यांना चोळायचे औषध या बाटलीत आणि खोकल्याचे औषध गुळगुळीत बाटलीत. दोन्ही ती बोटांनी ओळखायची. तिच्या अंधारात हे कंगोरे तिचे डोळे झाले होते. वहिनींनी बाटली अलगद खाली ठेवली आणि साबणाने हात धुतले.

अशी बाटली आपल्या घरी सापडली, तर हुंगून पाहू नये, स्वयंपाकघरात धुऊ नये, आतले मोरीत ओतू नये. रद्दीत टाकून कचरा वेचणाऱ्याच्या हाताशी तर मुळीच देऊ नये. घरातला घातक कचरा म्हणून, आत काय असावे ते सांगून, ती वेगळी द्यावी.

आणि एकदा आपल्या मोरीच्या फळीवरही नजर टाकावी. सरबताच्या बाटलीत फिनेल, पाण्याच्या बाटलीत ॲसिड, शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल! या बाटल्यांना कंगोरे नाहीत, त्यांचा रंगही काही सांगत नाही, आणि तहानलेले पोर वाचत बसत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या काचेला जे कळत होते, ते आपल्याला या दिवाळीत कळायला हवे. विकत आणलेले औषध त्याच्याच बाटलीत, तेही उंच फळीवर ठेवावे. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीचा मोह मात्र घेऊ नये.