फळ्या सरळ की तिरक्या?

पावसाळ्यात घराचे लाकडी दार लागता लागत नाही. तेच दार एप्रिल-मेमध्ये कसे अलगद लागते! लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. गंमत अशी, की ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. एवढे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

अहिल्यानगर जिल्ह्याचे (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे) पश्चिम टोक म्हणजे अकोले तालुका. कळसूबाईचे शिखर, भंडारदरा, घाटघर सारे इथलेच. नगर शहरात वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघरला त्याच्या कितीतरी पट! त्याच भागात माझ्या भावाने मे महिन्यात घरापुढे लाकडी ओटा करायला घेतला. भिंतीलगत १२ फूट लांब, ८ फूट रुंद, वर छप्पर नाही. आदल्या वर्षी ओल्या फरशीवर घसरून आजीचा हात मोडला होता. तेव्हापासून ती अंगणात पाऊल टाकायलाच घाबरे. ओटा तिच्यासाठी होता.

पण फळ्या कशा बसवायच्या? पुतणीने चित्रात पाहिलेली माशाच्या काट्यासारखी नक्षी मनात धरली होती. पुतण्या म्हणाला, "छे! सगळ्या तिरक्या टाकू. झोकदार दिसतील!" झाले, भांडण सुरू.

सुतारकाका रंधा खाली ठेवून हसले. "पोरांनो, नक्षी वरून निवडायची नसते, खालून निवडायची."

"खालून?"

"फळी कशावर टेकते? खालच्या कड्यांवर. आधी कड्यांना विचारा!"

त्यांनी कागदावर १०-१० सेंटिमीटरवर समांतर रेघा मारायला लावल्या. त्या रेघा म्हणजे कड्या. पट्टी रेघांना काटकोनात ठेवली, तर दोन कड्यांमध्ये तिचा १० सेंटिमीटर भाग अधांतरी राहिला. ४५ अंशांत तिरकी ठेवली, तर १४ सेंटिमीटरच्या वर! ओट्याच्या कड्या १६ इंचांवर होत्या. तिरकी फळी त्यांवर साडेबावीस इंचांहून जास्त अधांतरी राहिली असती. मग पाय पडला की ती लचकणार. ते टाळायचे तर कड्या जवळजवळ हव्यात, म्हणजे लाकूड जास्त. शिवाय प्रत्येक फळीची टोके तिरकी कापायची, म्हणजे तुकडे वाया.

"आणि माझी काट्याची नक्षी?" पुतणीने विचारले.

"तिला आखूड तुकडे लागतात. जितके तुकडे, तितकी टोकं. प्रत्येक टोकाखाली आधार हवा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकाकडून. पाणी मुरलं की लाकूड कुजतं. पाणी साचलं तर शेवाळ धरतं. मग आजी पुन्हा घसरायची!"

पुतणी गप्प झाली. आजीचे नाव निघाल्यावर नक्षीचा हट्ट कोण धरणार?

शेवटी कड्या भिंतीला समांतर आल्या आणि त्यांवर काटकोनात, भिंतीकडून अंगणाकडे जाणाऱ्या ८ फुटी अखंड फळ्या. मध्ये एकही जोड नाही. बाहेरच्या बाजूला हलका उतार. ६ इंच रुंदीच्या फळ्या आणि दोन फळ्यांत पाव इंचाची फट. १२ फूट म्हणजे १४४ इंच. त्यात बसल्या २३ फळ्या आणि २२ फटी, उरला फक्त अर्धा इंच. फट कशासाठी, हे आता तुम्हीच सांगाल. लाकूड रुंदीत फुगते ना! फुगायला जागा हवी आणि पाण्याला खाली जायला वाट हवी.

काट्याची नक्षी मग वाईट का? मुळीच नाही! ती छपराखाली, कोरड्या खोलीत शोभते. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्यात १६८४ साली संगमरवरी फरशी काढून लाकडी नक्षीची जमीन केली. कारण फरशी धुताना पाणी झिरपून खालची लाकडे कुजत होती. म्हणजे राजालाही खालच्या कड्यांचे ऐकावे लागले!

फळ्यांची टोके सारखी करताना निघालेल्या तुकड्यांतून सुतारकाकांनी पुतणीला काट्याच्या नक्षीचा एक पाट करून दिला. तो घरात जेवणाच्या जागी असतो. आणि पावसाची उघडीप मिळाली की आजी ओट्यावर बसून शेंगा सोलते. एकटी जाते, कुणाचा हात न धरता.

आता तुम्ही करून पाहा. जुन्या वाड्यात गेलात, तर मान वर करून कडीपाटाचे छत बघा. कड्या कोणत्या दिशेने जातात आणि त्यांवरच्या फळ्या कोणत्या, ते वहीत काढा.

आणि हे गणित आई-बाबांना घाला : १२ फुटांच्या ओट्यावर ५ इंच रुंदीच्या फळ्या पाव इंच फट ठेवून बसवल्या, तर अखंड फळ्या किती बसतील आणि किती इंच उरतील? फटी फळ्यांपेक्षा एकाने कमी असतात, हे मात्र त्यांना आधी सांगू नका!